आठ-आठ दिवसांचे दोन कॅमेरे

बंदरावर त्याला सगळे ‘वरचा’ म्हणत. एकतीस वर्षं तो क्रेनच्या केबिनमध्ये बसला होता, बारा-तेरा मजल्यांच्या उंचीवर. पायाखाली काचेची फरशी आणि काचेखाली जहाज. खाली काही अडलं की कोणीतरी हमखास म्हणायचा, “आता वरच्याच्या मनात असेल तर होईल,” आणि हसू पिकायचं. त्याने उचललेला कंटेनर जहाजावर टेकायचा तो झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा, आवाजसुद्धा न होता. त्या कामात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता.

फक्त एक होतं. वरून त्याला माणसांची डोकी दिसत, चेहरे दिसत नसत. तो माणसं ओळखायचा ती चालीवरून. निरोपाच्या दिवशी तो खाली आला, तेव्हा समोर उभ्या असलेल्या निम्म्या लोकांची त्याला ओळखच पटेना. एकाला त्याने मोठ्या आपुलकीने मिठी मारली, तर तो खुर्च्या मांडायला आलेला निघाला. कार्यक्रम संपून मंडळी पाठ फिरवून चालू लागली, तेव्हा कुठे त्याला एकेक जण ओळखू आला आणि मग त्याला भडभडून आलं.

मंडळींनी त्याला कॅमेरा द्यायचं ठरवलं होतं. कारण तोच एकदा वायरलेसवर म्हणाला होता, “इथून जे दिसतं ना, ते तुम्हाला एकदा दाखवायला पाहिजे.” पण कॅमेरा कोणता घ्यायचा यावर त्यांचं एकमत होईना. शेवटी त्यांनी दुकानवालीकडे सारख्याच किमतीचे दोन कॅमेरे बाजूला काढून ठेवले आणि सांगितलं, “वरचा येईल, त्याला आवडेल तो देऊन टाका.”

दुकानवाली पन्नाशीची, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधत बसणारी बाई होती. तिने दोन्ही कॅमेरे काचेवर मांडले.

“हा छोटा. खिशात मावतो. याची लेन्स पक्की आहे, निघत नाही, पुढे-मागे होत नाही. काही जवळ आणायचं असेल तर आपल्यालाच दोन पावलं पुढे जावं लागतं.”

“आणि हा?”

“याची लेन्स काढता-लावता येते. एक ही जवळची आणि ही लांबची. लांबची लावलीत की समोरच्या इमारतीत कोण कांदा चिरतंय तेही दिसेल. फक्त बदलताना तोंड खाली धरायचं, आत धूळ गेली की डोक्याला ताप.”

वरच्याने लांबची लेन्स लावलेला कॅमेरा डोळ्याला लावला आणि दुकानाच्या दारातून बाहेर पाहिलं. दोन रस्त्यांपलीकडच्या छपरांवरून क्रेनचं टोक दिसत होतं. त्याच्यावरचा लाल दिवा, दिव्याजवळ बसलेला बगळा, सगळं हाताच्या अंतरावर आलं.

“हाच,” तो म्हणाला.

“घाई करू नका,” दुकानवाली म्हणाली. “पहिल्यांदा सगळ्यांना हाच आवडतो. दोन्ही घेऊन जा. आठ दिवस हा वापरा, आठ दिवस तो. मग या.”

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, “अगं, दोन-दोन आणलेत बघ.”

ती ओट्याशी उभी होती. तिने मान वळवली नाही.

हे अलीकडे असंच चाललं होतं. निवृत्त होऊन त्याला दोन महिने झाले होते. ‘चहा टाकू का’ म्हटलं तर ती गप्प. ‘खिडकी लावू का’ म्हटलं तर ती गप्प. मधूनच अगदी नीट बोलायची, हसायची, आणि लगेच दुसऱ्या प्रश्नाला ऐकून न ऐकल्यासारखं करायची. आपलं दिवसभर घरात असणं तिला जड जातंय, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. एकतीस वर्षं घर तिचं होतं आणि आता एक माणूस सकाळपासून तिच्या पायांत पायांत येतो. राग येणारच.

दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीला त्याने फोनवर सांगितलं, “तुझी आई माझ्यावर रागावली आहे.”

“कशावरून?”

“माहीत नाही.”

“मग विचारा ना बाबा!”

“विचारलं आणि ती हो म्हणाली तर?”

“बाबा, तुम्ही पण ना!” म्हणत मुलीने फोन ठेवला.

तेव्हा त्याने बाल्कनीचा आसरा घेतला. पहिले तीन दिवस मोठा कॅमेरा घेऊन तो तिथेच होता. सहाव्या मजल्यावरून बंदर दिसायचं. लांबच्या लेन्समधून त्याने जहाजांवरचे वाळत घातलेले कपडे टिपले, दोरखंडावर ओळीने बसलेले पक्षी टिपले. आपली जुनी केबिनही त्याने शोधून काढली. आता तिथे एक तरुण बाई बसत होती. तिने काचेला आतून एका लहान मुलीचं चित्र चिकटवलं होतं. इतक्या वर्षांत आपण तिथे काहीच का चिकटवलं नाही, असं त्याला वाटून गेलं. दुपारी ती बाई डबा खाताना त्याने तिचा फोटो काढला, आणि मग स्वतःचीच लाज वाटून पुसून टाकला.

चौथ्या दिवशी बायकोच म्हणाली, “अहो, नुसती जहाजं काय काढता? माझ्याबरोबर चला. माझ्या म्हाताऱ्यांचे काढा. केस कापून झाले की त्या कशा खुलतात ते बघा तरी.”

ती वृद्धाश्रमात केस कापायची. आठवड्यातून चार दिवस. तिथे तिला ‘कात्रीवाली’ म्हणत. आपल्याला बायकोने स्वतःहून बोलावलं याचंच वरच्याला इतकं अप्रूप वाटलं, की तो पाच मिनिटांत बूट घालून दारात उभा राहिला.

केस कापायची खोली लांबट होती. एका बाजूला आरसा, आरशापुढे फिरती खुर्ची, भिंतीशी वाट पाहणाऱ्यांसाठी बाक. वरचा पार दुसऱ्या टोकाला, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि तिथूनच फोटो काढू लागला. कोणाला त्रास नको, कोणाला कळायलाही नको. त्याला तीच सवय होती. चार दिवस तो असाच उभा राहिला. पाण्याने चपटे झालेले पांढरे केस, मानेवरचा टॉवेल, बायकोची कात्री धरलेली बोटं. फोटो झकास आले. दुकानवालीने ते छापून दिले, तेव्हा तिनेही मान डोलावली.

पण ज्यांचे होते त्यांना ते रुचले नाहीत. एक आजी होत्या, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या. सगळे त्यांना गणिताच्या बाई म्हणत. त्यांनी आपला फोटो हातभर लांब धरून पाहिला.

“हा कधी काढलास?”

“परवा, तुमचे केस कापताना.”

“मला विचारलंस?”

“नाही. म्हटलं, नैसर्गिक येईल.”

“नैसर्गिक!” बाई म्हणाल्या. “जांभई देतेय मी. वर्गात खिडकीतून डोकावणारी पोरं असायची ना, तसा आहेस तू. इकडे ये, समोर उभा राहा, नमस्कार कर आणि मग काढ. मी काही वाघ नाही.”

बाकावरच्या सगळ्या हसल्या. बायकोही हसली. वरच्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

त्या संध्याकाळी आठ दिवस भरले. त्याने मोठा कॅमेरा पेटीत ठेवला आणि छोटा बाहेर काढला.

छोट्याने त्याच्या नाकी नऊ आणले. दारातून फोटो काढला तर फोटोभर छत यायचं आणि माणूस मुंगीएवढा. पुढे जावं लागायचं. आणखी पुढे. मग इतकं पुढे की समोरच्या आजींच्या औषधी तेलाचा वास यायचा. तेवढ्या जवळ जाऊन गप्प उभं राहणं शक्यच नव्हतं. काहीतरी बोलावं लागायचं. आणि बोलण्याची सवय तर एकतीस वर्षांत मोडलेली. पहिल्या दिवशी त्याने एका आजींना विचारलं, “वजन किती?” कंटेनरचं विचारायची सवय! आजी म्हणाल्या, “तुला उचलायचंय का मला?” पुन्हा सगळी खोली हसली, पण या वेळी तोही हसला, आणि हसता हसता बोट दाबलं गेलं. तो फोटो पुढे त्या आजींनी उशाशी ठेवला.

हळूहळू त्याला जमू लागलं. गणिताच्या बाईंपुढे त्याने नमस्कार केला, परवानगी घेतली आणि गुडघ्यावर बसून फोटो काढला. बाईंनी हनुवटी वर केली होती, वर्गात शिरताना करत असतील तशी.

“आता कात्रीवालीचा काढ,” बाई म्हणाल्या. “ती नेहमी मागेच असते.”

बायको दुसऱ्या आजींच्या मानेवरचे केस बारीक करत होती. वरचा तिच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभा राहिला. इतक्या जवळून त्याने तिच्याकडे कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना. भांगाजवळ पांढरा पट्टा चांगला दोन बोटं रुंद झाला होता. जगाचे केस नीट करणाऱ्या बाईला स्वतःचे रंगवायला वेळ मिळाला नव्हता.

“जरा इकडे बघ,” तो म्हणाला.

तिने पाहिलं नाही.

“अगं, इकडे.”

कात्री चालूच.

तिसऱ्यांदा म्हणायचा त्याला धीर झाला नाही. सगळ्यांसमोरही ही आपल्याशी बोलत नाही, असं त्याला वाटलं. त्याने तिचा तसाच फोटो काढला, खाली मान घातलेला, आणि तो मागे सरला.

आठवडा संपत आला तेव्हा दुकानवालीने नवे फोटोही छापून दिले. एका दुपारी बायको कामावर गेली असताना त्याने जेवणाच्या टेबलावर जुने-नवे सगळे फोटो मांडले. बंदरावर कंटेनर लावायचा तशा ओळी केल्या. कोणते कोणाला द्यायचे, ते तो निवडत होता. त्यातले ज्यांत बायको होती, ते त्याने स्वतःसाठी वेगळे काढले. त्रेचाळीस निघाले.

ते त्रेचाळीस एकत्र पाहताना त्याला काहीतरी खटकलं. वरून पाहणाऱ्या माणसाला रांगेतली एक गोष्ट वाकडी असली की लगेच दिसते. इथे उलट होतं. सगळं एकाच बाजूला वाकलेलं होतं. बायको ज्या ज्या फोटोत कोणाशी बोलत होती, त्या प्रत्येकात तिची मान एकाच बाजूने वळलेली होती. कोणी डावीकडून बोलत असेल, तर ती अख्खी फिरून उजवा कान पुढे करत होती. दारातून काढलेल्या फोटोंत हे वळणं दिसत होतं, आणि जवळून काढलेल्यांत तिच्या भुवयांमधली आठी दिसत होती. ती रागाची आठी नव्हती. ऐकायला धडपडणाऱ्या माणसाची होती.

तो उठला, खाली बसला, पुन्हा उठला. घरातला ओटा डोळ्यांसमोर आणला. ती ओट्याशी उभी राहिली की दार तिच्या डावीकडे येतं. बाल्कनी डावीकडे. त्याची खुर्चीसुद्धा डावीकडे.

बायको आली, हातपाय धुऊन तिने आधण ठेवलं. तो दारात, तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, “तू माझ्यावर रागावली आहेस का?”

ती साखरेचा डबा शोधत राहिली.

तो तिच्या मागून वळसा घालून उजवीकडे गेला. तेवढ्याच आवाजात तेच विचारलं, “तू माझ्यावर रागावली आहेस का?”

तिने चमकून वर पाहिलं. “मी? कशाबद्दल?”

त्याने हात पुढे करून गॅस बारीक केला, तिचा दंड धरला आणि तिला टेबलाशी आणलं. फोटोंच्या ओळी दाखवल्या. एकेका फोटोवर बोट ठेवत गेला. सातव्या-आठव्या फोटोला ती खुर्चीवर बसली.

“कधीपासून?” त्याने विचारलं. ती बसली होती, तरी तो आठवणीने तिच्या उजवीकडे बसला.

“दीडेक वर्ष झालं. आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं उतरेल.” ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. “डाव्या कानात नुसतं कापूस भरल्यासारखं होतं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही सकाळी जायचात, दमून यायचात. आणि मला भीती वाटली हो. त्या म्हाताऱ्या किती हळू बोलतात! कोणाला कानामागे फोड असते, कोणाची मान दुखत असते. ते ऐकू आलं नाही आणि माझ्या हातात कात्री! ऑफिसात कळलं असतं तर म्हणाले असते, बाई, आता पुरे.” ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, “जन्मभर लोकांचे कान सांभाळत केस कापले, आणि माझाच कान बघा कसा निघाला.”

त्याने हसायला हवं होतं, पण त्याला ते जमलं नाही.

“आणि मला वाटत होतं,” ती पुढे म्हणाली, “तुम्हीच माझ्याशी बोलत नाही. घरी राहायला लागलात आणि एकदम मुके झालात. मी म्हटलं, यांना क्रेनची आठवण येते, इथे मन रमत नाही.”

“मी तर दिवसभर बडबडत होतो!”

“काय बोलत होतात?”

त्याने आठवून आठवून सांगितलं. चहाचं, खिडकीचं, जहाजावरच्या कपड्यांचं, केबिनमधल्या नव्या बाईचं. एकदा तो म्हणाला होता, की तुझ्या हातची कात्री चालताना बघायला मला आवडते. तेही त्याने पुन्हा सांगितलं, मान खाली घालून. दोन महिन्यांचं साचलेलं बोलणं संपेपर्यंत आधणातलं पाणी आटून गेलं. मग त्याने पुन्हा पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोघं कानाच्या डॉक्टरांकडे गेली. काचेच्या बंद खोलीत कानांवर मोठे हेडफोन लावून बसलेली बायको त्याला बाहेरून दिसत होती. आवाज आला की तिने बटण दाबायचं होतं. बराच वेळ तिचं बोट हलायचं नाही, आणि बाहेर त्याचंच बोट दाबलं जायचं. डॉक्टर म्हणाले, कान पूर्ण परत यायचा नाही, पण यंत्र लावलं तर पुष्कळ फरक पडेल. मोजमाप घेतलं. यंत्र यायला दहा दिवस लागणार होते.

वृद्धाश्रमाच्या ऑफिसात ती स्वतः जाऊन सांगून आली. वरचा बाहेर जीव मुठीत धरून उभा होता. ती पाच मिनिटांत बाहेर आली.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे की आम्हाला माहीत आहे. खुर्ची फिरवून ठेवू म्हणाले, डावीकडे भिंत येईल अशी. कोणीतरी आधीच सुचवून ठेवलं होतं.”

“कोणी?”

“कोणी म्हणजे? गणिताच्या बाईंनी.”

कॅमेऱ्यांची मुदतही उलटली होती, म्हणून त्याच पावली दोघं दुकानात गेली. दुकानवालीने दोन्ही पेट्या काचेवर घेतल्या.

“मग? मोठा ना?”

वरच्याने मोठा कॅमेरा हातात घेतला. त्याला तो खाली ठेववेना. “याने मला माझी केबिन दाखवली,” तो म्हणाला. “आणि खरं सांगू, पहिली शंका याच्यामुळेच आली. लांबूनच ते दिसलं.”

“मग हाच घ्या की.”

“नाही. याला दोन हात लागतात.”

“म्हणजे?”

त्याने बायकोकडे पाहिलं. दुकानात शिरताना तो तिच्या डावीकडे आला होता आणि तिचा कोपर धरून होता. रस्ता ओलांडताना त्या बाजूची गाडी तिला कळत नाही, हे त्याला आदल्या दिवशी समजलं होतं. तेव्हापासून तिच्याबरोबर चालताना त्याने तो कोपर सोडला नव्हता.

“मला एक हात मोकळा लागतो,” तो म्हणाला.

दुकानवालीने छोट्याला पट्टा लावून दिला आणि मोठ्याची पेटी आत नेऊन ठेवली. लांबची लेन्स आत जाताना वरच्याने एकदा पाहून घेतलं. नाही म्हटलं तरी जीव थोडा हळहळलाच.

दहा दिवसांनी यंत्र आलं. शेंगदाण्याएवढं, कानामागे बसणारं. पहिले काही तास बायको हैराण होती. नळ फार मोठ्याने वाहतो म्हणे, वर्तमानपत्र कडाकडा वाजतं म्हणे. दुपारी ती बाल्कनीत बसून कात्र्यांना तेल देत होती. आधी डाव्या कानाने ऐकायची, मग उजव्याने, कात्री उघडायची आणि मिटायची, पुन्हा ऐकायची. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं, की वरचा न बोलता खिशातून कॅमेरा काढून तिच्यापासून दोन हातांवर उकिडवा बसला.

तिने झटकन मान वर केली. “हे काय वाजलं?”

“काय?”

“आत्ता. टिक् झालं.”

“कॅमेरा. तुझा फोटो काढला.”

“हा दर वेळी वाजतो?”

“हो. अगदी बारीक.”

“म्हणजे इतके दिवस वाजत होता? किती काढलेत तुम्ही माझे?”

त्याने आकडा सांगितला नाही.

“दाखवा बघू. अहो, दाखवा म्हणते ना! केस तरी विंचरलेले होते का मी?”

तो कॅमेरा तिच्या हातात देऊन तिच्या शेजारी बसला. डावीकडे की उजवीकडे, हे या वेळी त्याने पाहिलं नाही. ती एकेक फोटो पाहत गेली, नाकं मुरडत गेली, हा पुसा, हा पुसा म्हणत गेली. आणि तो प्रत्येक वेळी “पुसतो” म्हणाला आणि एकही पुसला नाही.